एका चेहऱ्याला एकच घर

"या, बसा. नाशिकच्या खांबेट्यांच्या सून ना तुम्ही?" गाऊनवरची ओढणी सावरत आईनं मला विचारलं आणि सोफ्यावर सरकून माझ्यासाठी जागा केली.

मी तिची मुलगी. शलाका. सासरचं आडनाव खांबेटे आहे हे खरं, पण माझ्या आईनं मला 'तुम्ही' म्हणावं असं त्यात काही नाही.

"आई, मी शलू," मी म्हटलं.

तिनं मला निरखून पाहिलं. क्षणभर वाटलं, आता ओळखेल. मग तिची मान किंचित डावीकडे कलली. माणसांची ओळख सांगणारा तो चष्मा लावणारी सगळी माणसं ऐकताना अशीच मान कलवतात. ऐकून झालं आणि तिच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं हसू आलं.

"हो का? बरं बरं. अनघा, पाहुण्या आल्यात गं. चहा टाक."

आतून वहिनी आली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि चहा टाकायला पुन्हा आत गेली. महिन्यातून एकदा मी नाशिकहून सांगलीला यायचे आणि दर वेळी हेच व्हायचं.

आई विश्रामबागच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर चारेक वर्षांत तिची माणसं पुसली जायला लागली. नद्या, डोंगर, खंड सगळं जागच्या जागी, आणि शेजारच्या बाई मात्र रोज नव्या. डॉक्टरांनी चष्मा सुचवला. तोपर्यंत माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

हा चष्मा काय करतो ते सांगते. समोर माणूस आलं की तो त्याचा चेहरा, चाल आणि आवाज यांची मोजमापं घेतो आणि त्यातून आकड्यांची एक लांबलचक ओळ तयार करतो. ही ओळ तो घरातल्या पेटीत साठवलेल्या ओळींशी ताडून बघतो. जुळली की चष्म्याच्या काडीतून, कानामागच्या हाडातून, हलक्या आवाजात सांगतो: हा श्रीपाद, तुमचा मुलगा, सकाळी याच्याशी दाताच्या डॉक्टरांबद्दल बोलणं झालं होतं. हाडातून येणारा हा आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. काही महिन्यांनी आजारी माणसाला तो आवाज बाहेरचा वाटेनासा होतो. त्याला वाटतं, आपल्यालाच आठवलं. त्यामुळे चष्म्याशी वाद घालायचा म्हणजे आईच्या आठवणीशीच वाद घालायचा. त्यात कोण जिंकणार?

ती पेटी 'कोंदण' कंपनीची. आमच्या घरातलं सगळंच कोंदणचं. टीव्ही, गाणी, फोटो, दाराचं कुलूप, गॅसची कळ, औषधांचा डबा. सगळं एकमेकांशी गुण्यागोविंदानं बोलायचं आणि बाहेरच्या कुणाशीही अवाक्षर बोलायचं नाही. कोंदणमधला फोटो कोंदणच्याच पडद्यावर दिसतो. कोंदणमध्ये साठलेली ओळख कोंदणच्याच चष्म्याला कळते. किल्ली कंपनीकडे. आम्ही फक्त घरात राहायचो.

आणि तिथं नियम होता: एका चेहऱ्याला एकच घर. नियम आला तो चांगल्या हेतूनं, हे मी मान्य करते. आपले चेहरे दुसऱ्यांच्या घरांच्या नावावर चढवून भामटे भाचे-पुतणे म्हणून म्हाताऱ्यांच्या घरात शिरत होते. त्याला आळा बसला. परदेशांत दोन घरांत राहणाऱ्या मुलांसाठी कंपनीनं थोडी सवलत ठेवली. आपल्याकडे मात्र त्यांची माणसं पाहणी करून गेली, लोकांना काय आवडतं ते विचारून गेली आणि तयार झाली 'पाठवणी'.

हो, बटणाचं नावच पाठवणी. माझ्या लग्नात कार्यालयाच्या मोठ्या पडद्यावर सनई वाजली, दादानं टॅबवर बोट ठेवलं आणि माझा चेहरा माहेरच्या, गुळवण्यांच्या घराच्या चित्रातून निघून, फुलांच्या पाकळ्यांतून तरंगत खांबेट्यांच्या घरात जाऊन बसला. लोकांनी अक्षता टाकल्या. माझ्या मावश्यांनी डोळे पुसले. मीही रडले. निनादचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहरा होता तिथंच राहिला. त्याला कुठंच जायचं नव्हतं. आता ह्या सोहळ्यात काय चुकलं असं कुणाला वाटावं? तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायची हौस भागली होती, त्याच ताटात ही एक हौस.

आईला चष्मा लागला तेव्हा घरच्या पेटीत मी नव्हतेच. माझ्या लहानपणीच्या फोटोंसकट मी नाशिकला गेले होते. सांगलीच्या टीव्हीवर घरचे फोटो फिरतात, त्यांत दादाच्या मुंजीत माझ्या चेहऱ्याखाली 'पाहुणे' असं येतं. पेटीला माझ्याबद्दल एवढंच माहीत होतं, तेही व्याह्यांच्या घराकडून: नाशिकच्या खांबेट्यांच्या सून. मी 'तुझी मुलगी' म्हणाले की चष्मा आईला वर आणखी सांगायचा, ही व्यक्ती नातं सांगते आहे, खात्री नाही, जपून. भामट्यांसाठी केलेली सोय माझ्या वाट्याला आली.

त्या दिवशी चहा झाला. आईनं माझ्या पुढ्यात चिवडा ठेवला.

"नाशिकला कुठं असता तुम्ही?"

"गंगापूर रोडला."

"माझीही मुलगी नाशिकलाच असते," आई म्हणाली. "शलाका तिचं नाव. तुम्हाला भेटली कधी तर सांगा हो, आई आठवण काढते म्हणावं. येतच नाही ती. एवढी कशात गुंतलीय कोण जाणे."

मी उठून गच्चीत गेले आणि कोंदणला फोन लावला.

"नमस्कार, मी कोंदण परिवारातून प्राची बोलते. कशी मदत करू?"

मी सगळं सांगितलं. पोरगी चांगली होती, मधे मधे "अरेरे" म्हणत होती.

"मॅडम, तुमचा चेहरा सांगलीच्या घरी परत आणता येईल. 'माहेरी परत' म्हणून पर्याय आहे."

"मग करा की."

"त्याला दोनच कारणं चालतात. पतींचं निधन किंवा कायद्यानं विभक्त."

"आणि आई आजारी असेल तर?"

"ते कारण यादीत नाहीये, मॅडम."

नाशिकला परतल्यावर मी निनादला विचारलं. कागदोपत्री विभक्त होऊ या, राहायचं इथंच, काहीच बदलणार नाही. तो आधी हसला. मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"अगं, पण तसं केलं की तू इथल्या पेटीतून जाणार. दार उघडणार नाही तुला. तू घरात शिरताना माझ्या आईनं तुला पाहुणी म्हणून बघायचं का?"

"माझी आई तेच बघतेय."

"ते कळतंय मला. पण मी माझ्या आईला काय सांगू?"

त्यालाही आई होतीच. मला त्याचा राग आला आणि राग यावा असं तो काही बोलला नव्हता, ह्याचाही राग आला.

मग मी सानियाकडं गेले. सानिया मुजावर माझी कॉलेजातली मैत्रीण, मिरजेची. आता ती 'ओसरी' नावाच्या मंडळींबरोबर काम करते. ही मंडळी असल्याच वस्तू बनवतात, पण खुल्या. आतली मांडणी सगळ्यांना बघता येते, कुणालाही बदलता येते, आणि कोण कुणाचं कोण हे ज्याचं त्यानं लिहायचं. सानियाचा कोंदणवर जुना दात होता.

"माझ्या घरात कोण माझं, हे कंपनी ठरवणार? डोकं फिरलंय का आपलं?" ती म्हणाली. "मी आईंना आमचा चष्मा देते. तू मुलगी म्हणून लिही, दोन घरांत लिही, दहा घरांत लिही."

"पण जुन्या चष्म्याचं दोन वर्षांचं शिकलेलं?"

इथं सानियाची गाडी अडली. चष्मा नुसती नावं सांगत नाही. कुठल्या शब्दानं आई शांत होते, आंघोळीला काय म्हटलं की तयार होते, संध्याकाळी घाबरली की कुठली गोष्ट काढायची, हे सगळं तो तिच्याकडूनच शिकलेला असतो. ते शिक्षण पेटीत, आणि पेटीतून बाहेर काढायला मनाई. ओसरीचा चष्मा पहिलीपासून सुरू होणार होता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा शिकवण्याएवढा वेळ आता ह्यांच्याकडं नाही.

"मग नुसतं मला ओळखण्यापुरता लावू," मी म्हटलं. "मी आले की तासभर. मी गेले की पुन्हा जुना."

दादा कबूल झाला. त्यालाही वाईट वाटत होतं. बटण त्यानंच दाबलं होतं हे तो बोलायचा नाही, पण मी आले की माझ्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. एका रविवारी सकाळी वहिनीनं आईचा चष्मा धुवायला म्हणून काढून घेतला आणि सानियानं दुसरा लावला. दिसायला अगदी तसाच केला होता. मी दारातून आत आले.

आईनं मान कलवली. मग तिचे डोळे मोठे झाले.

"शलू?"

मी दोन पावलं पुढं आले.

"अगं, केवढी वाळलीयस! ये इकडं. कधी आलीस?"

मी तिच्या कुशीत शिरले, लाज न बाळगता शिरले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लगेच माझी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"आत्ता आठवण झाली होय आईची? इतकी वर्षं तोंड दाखवलं नाहीस."

"मी येत होते गं. दर महिन्याला येते."

"खोटं बोलू नकोस. लोकांची पोरं येतात, माझे विद्यार्थी येतात. ती खांबेट्यांची सून येते बघ, कोण कुठली ती, दर खेपेला माझ्यासाठी राजेळी केळी घेऊन येते. परक्याची पोर! आणि तू?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती की रडत होती, कळलं नाही. मला दोन्ही येत होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." तेवढ्यावर आई शांत झाली, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "जेवून जाणार ना?"

तेवढंच मिळालं. टीव्ही आपोआप लागला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला: "घरात अनोळखी उपकरण आढळलं आहे. कुटुंबाच्या सुरक्षेसाठी ओळखसेवा थांबवत आहोत."

दाराचं कुलूप खटकन लागलं. गॅस बंद झाला. आई दचकून उभी राहिली आणि त्याच वेळी तिच्या कानामागून सानियाच्या चष्म्याचा आवाज तिला धीर द्यायला लागला. तो आवाज तिच्या सवयीचा नव्हता; नुसतं नाव सांगेपर्यंत ते तिला जाणवलं नव्हतं. जुन्या चष्म्याचा आवाज कंपनीच्या मालकीचा. ओसरीला तो वापरता येत नव्हता.

"कोण बोलतंय? माझ्या डोक्यात कोण बोलतंय?" आई ओरडली. तिनं चष्मा ओरबाडून काढला आणि भिंतीवर फेकला. मी जवळ गेले तर मला ढकललं. "कोण तुम्ही? श्रीपाद! अहो, कुणीतरी श्रीपादला बोलवा!"

दादा तिच्यासमोरच उभा होता.

सानियाचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं, पेटी फक्त तिच्याशी जोडून घेऊ पाहणाऱ्या वस्तूंवर नजर ठेवते," ती म्हणाली. "ती तर घरात बोलणाऱ्या प्रत्येक वस्तूचं ऐकते."

जुना चष्मा लावून बघितला. मुका. कंपनीनं कळवलं की आईच्या ओळखींची सुरक्षा-तपासणी चालू आहे, पूर्ण झाली की सेवा सुरू होईल. तपासणी किती दिवस, ते प्राचीलाही माहीत नव्हतं.

ते दिवस मला आठवायचे नाहीत, पण सांगायला हवेत. आई न्हाणीच्या दारात उभी राहायची, दार कशाचं ते तिला कळायचं नाही, आणि तिथंच तिचं व्हायचं. दादा जवळ आला की, "तुम्ही कोण? बाहेर थांबा," म्हणायची. वहिनीला तर हात लावू द्यायची नाही. मी रजा काढून राहिले होते, पण माझा उपयोग काय? मी तर चष्मा असतानाही परकीच होते.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी वहिनी माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या दंडावर आईच्या नखांचे ओरखडे होते.

"शलाका, तुला त्यांनी ओळखावं म्हणून तू हे केलंस. मी नाही म्हटलं नाही, कारण माझीही आई आहे. पण मला त्या ओळखतात त्या चष्म्यामुळंच गं. ओळखलं नाही तर माझ्या हातनं कपडे बदलून घेत नाहीत. कालपासून त्याच गाऊनमध्ये आहेत. तू सांग, मी काय करू?"

सानिया म्हणाली, आपण ग्राहक आयोगाकडं जाऊ, लढू, आईच्या आठवणींची किल्ली आईच्या घराकडंच हवी. सानियाचं बरोबर होतं. वहिनीचंही बरोबर होतं. आई त्या दोघींच्या मधे ओल्या गाऊनमध्ये उभी होती. मी सानियाला म्हटलं, तू लढ, माझी सही घे, पण आता ह्या घरात काही आणू नकोस. ती उठून गेली. अजून ती लढते आहे. तिचा निकाल लागेल तेव्हा लागेल.

सेवा सुरू झाली. आईला दादा ओळखू आला, वहिनी आली, दूधवाला आला. मी आले ती खांबेट्यांची सून. मला पाहून आई मनापासून हसली, हेही सांगते.

पण तिचा आजार काही तपासणीसाठी थांबला नव्हता. वहिनीला एकटीला आता झेपेना. मी निनादशी बोलून सांगलीत राहायचं ठरवलं, काम घरूनच करता येत होतं. पण राहून करू काय? पाहुण्या बाईकडून आई केस तरी कशी विंचरून घेईल? मी पुढे झाले की म्हणायची, "छे छे, तुम्ही कशाला? बसा तुम्ही."

पुन्हा फोन लावला. ह्या वेळीही प्राचीच होती. ती आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, एक सांगू? एका चेहऱ्याला एकच घर हा नियम नातेवाइकांना आहे. मदतनिसांना नाही. कामाच्या बाई, नर्स, आया, ह्यांना कितीही घरं चालतात. नाहीतर एजन्सीवाल्यांचं कसं चालणार? तुम्ही मदतनीस म्हणून नाव घाला. दादांनी मान्यता दिली की झालं."

दादानं टॅब हातात घेतला. मग बोट ठेवलं. ह्या वेळी सनई वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या खोलीत गेले. तिनं मान कलवली.

"शलाकाबाई होय? या. अनघा म्हणाली नवीन बाई येणार म्हणून." मग म्हणाली, "माझ्या मुलीचंही नाव शलाकाच आहे हो."

आता ती माझ्या हातनं आंघोळ करून घेते. साबण डोळ्यांत गेला तर रागावते. मी तिची नखं कापते, तिच्या टाचांना व्हॅसलीन लावते. इतकी वर्षं लांबून नमस्कार करणारी आई माझ्या हातांत येऊन बसली, ह्याचं सुख मला होतं. ते मी नाकारणार नाही. चहाच्या वेळी ती वहिनीला हाक मारून सांगते, "शलाकाबाईंना त्यांच्या कपात दे गं." तो कप वेगळा आहे. सिंकखाली उपडा असतो. आमच्या घरात कामाच्या बायकांना चहा त्यातच मिळत आलाय आणि शाळेत समतेवर भाषणं देणाऱ्या माझ्या आईला त्यात कधी वावगं वाटलं नाही. पहिल्या दिवशी वहिनीनं मला घरातला कप दिला तर आई अस्वस्थ झाली. तेव्हापासून मी आपणहून तो घेते.

परवा दुपारी मी तिच्या केसांना तेल लावून ते विंचरत होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं. ती डोळे मिटून बसली होती, झोपली असं मला वाटलं.

"शलाकाबाई, तुमची आई आहे का हो?"

"आहे."

"कुठं असते?"

"इथंच. सांगलीत."

"म्हातारी असेल. तिच्याकडं कोण बघतं, तुम्ही दिवसभर इथं असता तर?"

"भाऊ-भावजय आहेत."

"मुलगी तुम्ही एकट्याच?"

"हो."

आईनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीकडं बघावं तसं पाहिलं.

"मग इथं काय लोकांच्या आयांचे केस विंचरत बसलाय? सुनेनं कितीही केलं तरी आईचा जीव मुलीत असतो. मला विचारा. वाट बघत असेल हो ती." तिनं माझ्या हातातून फणी काढून घेतली. "ते काही नाही. उद्यापासून तुम्ही यायचं नाही. आईकडं जायचं. अनघाला मी सांगते."

आणि तिनं वहिनीला हाक मारली.